पाठकोरा

आमच्या घरी कागद दोनदा जन्म घेतो. पहिल्या जन्मात तो विजेचं बिल असतो, लग्नपत्रिका असतो, बँकेचं स्टेटमेंट असतो. तो जन्म संपला की अप्पा त्याला उलटा करतात, तळहाताने इस्त्री केल्यासारखा सपाट करतात आणि समाधानाने म्हणतात, “पाठकोरा आहे.” तिथून दुसरा जन्म सुरू. रद्दीवाल्याकडे जायला तिसरा जन्म लागतो, आणि तो आमच्याकडे अजून कुठल्याच कागदाच्या नशिबी आलेला नाही.

अप्पा फोर्टातल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. त्यातली दीड खोली अप्पांच्या हिशेबाची आणि उरलेल्या अर्ध्या खोलीत आई, देव आणि गॅस.

यात अप्पांचा दोष नाही, गावाचा आहे. हिशेब ठेवायची खोड गिरगावाला जुनीच. सारस्वत बँक १९१८ साली इथेच एक छोटी पतसोसायटी म्हणून सुरू झाली. हिशेब आला की शाई आली, तर तीही घरचीच. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी गिरगावातच घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला घेतल्या. पुढे घोड्याचा उंट झाला आणि कंपनीची कॅम्लिन झाली. अप्पा लहानपणी शाईच्या गोळ्या दौतीत विरघळवत. गोळीला जेवढं पाणी सांगितलं असेल त्याहून चार चमचे जास्त घालायचं, ही आजोबांची शिकवण. त्यामुळे आमच्या जुन्या वह्यांतला सगळा जमाखर्च आभाळासारखा फिकट निळा आहे. आजोबांनी कोणाला उसने दिलेले पैसे तर दिसतच नाहीत, आणि घेणाऱ्यांनाही ते पुढे दिसले नाहीत.

त्या काळी बँकेचा हिशेब बँकच ठेवायची, आणि तोही हाताने. पासबुक काउंटरवर सरकवायचं. आतला माणूस पाटाएवढं लेजर उघडायचा, तारीख, तपशील, काढले, जमा, शिल्लक असे रकाने भरायचा आणि शेवटी मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी सही करायचा. नोंदीही मोजक्याच. त्याला कारण होतं व्याजाचा नियम. बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यांत कमी शिल्लक असेल तिच्यावर. ११ तारखेला भरलेला रुपया त्या महिन्यापुरता फुकट गेला, आणि २५ तारखेला काढलेला रुपया तर खात्यात नव्हताच असं धरलं जायचं. म्हणून अप्पा १० तारखेच्या आत पैसे भरत आणि महिना संपेपर्यंत खात्याला हात लावत नसत. घरात कोणाला आजारी पडायचंच असेल तर त्याने पहिल्या आठवड्यात पडावं, अशी अपेक्षा असे. माझी शाळेची सहल एकदा १७ तारखेला निघाली. सहल गेली. मी घरी होतो.

१ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजायला लागले. लोकांना आनंद झाला. अप्पा म्हणाले, “संपली शिस्त.”

महिन्याला एक भरणा आणि एक उचल. वर्षाच्या २४ ओळी, वर सहामाही व्याजाच्या २. या २६ ओळींच्या चालीने माझ्या बारशाला सुरू झालेलं पासबुक मुंजीपर्यंत भरलं नव्हतं. कागद वाचवायचं याहून चांगलं यंत्र माणसाने शोधलं असेल असं मला वाटत नाही.

मग एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि सगळा देश कागदाशिवाय व्यवहार करायला लागला. या कागदाशिवायच्या व्यवहारांनी आमचं पासबुक खाऊन टाकलं. पूर्वी वडापाव खाल्ला की पोटात जायचा. आता पोटात जातो आणि पासबुकातही जातो. कोथिंबिरीची जुडी, एक ओळ. कटिंग चहा, एक ओळ. देवाला फुलपुडी, एक ओळ. आणि ओळ तरी कसली! आधी ‘यूपीआय’, मग तिरकी रेघ, मग बारा आकडी नंबर, मग भाजीवाल्याचं अर्धं नाव; उरलेलं अर्धं रकान्यात न मावल्यामुळे खालच्या ओळीवर उतरलेलं. अप्पांच्या खात्याला मी फोन जोडून दिला त्या वर्षी पासबुक चार महिन्यांत संपलं.

“अरे, एवढा खर्च आपण जन्मात केला नव्हता.”

“खर्च तेवढाच आहे अप्पा, ओळी वाढल्यात.”

“मग कोथिंबीर महिन्याची एकदम घ्यायची,” अप्पा म्हणाले.

पासबुक भरून देणारं यंत्र शाखेच्या दारातच उभं असतं. मागच्या पानावरचा बारकोड दाखवला की ते पासबुक आत ओढून घेतं आणि पोटात काहीतरी किरकिरतं. रिबन इतकी जुनी की आकडे दिसत नाहीत, नुसते हाताला लागतात. एकदा यंत्राची ओळ चुकली आणि नवी नोंद जुन्या नोंदीच्या उरावर छापली गेली. मी भांडायच्या तयारीने आत निघालो. अप्पांनी दंड धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आदर होता. “एका ओळीत दोन नोंदी! हे आपल्याला सुचलं नाही रे.”

इथे मी चूक केली. मी त्यांना प्रिंटर आणून दिला.

वर्षाचं स्टेटमेंट ४८ पानांचं निघत होतं. आकडा ऐकून अप्पा मटकन खाली बसले. मग नातवाने दाखवलं की एका पानावर चार पानं बसवता येतात, आणि पाठपोटही छापता येतं. ४८ चे १२ झाले, १२ चे ६. वर शाई वाचवायची म्हणून ‘ड्राफ्ट’वर टिचकी मारली. सहा कागद बाहेर आले. त्यांवर राखाडी रंगाची धूळ बसल्यासारखं काहीतरी होतं. अप्पांनी ते खिडकीशी धरले. चष्मा लावला, चष्मा काढला, आईचा लावला. शेवटी मी लोहार चाळीतून दिवा असलेलं भिंग आणलं. भिंगाला बॅटरी लागते. बॅटरी कागदापेक्षा महाग पडते.

कागद वाचला, पण वाचता येईना. ‘वाचणं’ या एकाच क्रियापदात दोन्ही अर्थ कोंबून आपल्या पूर्वजांनी एका शब्दाची शाई आधीच वाचवून ठेवली आहे. दोन्ही अर्थ एकदम खरे होतील, अशी हमी मात्र त्यांनी दिलेली नाही.

नातवाने आणखी एक शोध लावला. नेदरलँड्समधल्या एका कंपनीने शाई वाचवायला म्हणून एक टाइप काढला होता. त्यातल्या प्रत्येक अक्षराला बारीक बारीक भोकं. भोकाच्या जागी शाई पडत नाही आणि माणसाच्या डोळ्याला ते कळतही नाही. मेदूवड्याचं तत्त्व. मेदूवड्याच्या भोकाचे पैसे उडपी लावतो की नाही हा वेगळा प्रश्न. अप्पांनी भिंगातून ते अक्षर न्याहाळलं आणि म्हणाले, “कागदाला भोकं पाडायला आपल्याकडे कसर आहे. ती फुकट पाडते.” हे वाक्य पुढे अंगावर येणार होतं.

मी जरा हिशेब मांडला. ए-फोर पान म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. आपण आणतो तो कागद ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम. एक पान भरलं ४.७ ग्रॅम. ४८ च्या जागी ६ पानं, म्हणजे ४२ वाचली. वर्षाचे १९७ ग्रॅम. पाव किलोलाही पन्नास ग्रॅम कमी. लालबागच्या चिवडा गल्लीत ओळखीच्या माणसाला एवढा चिवडा नुसता चव बघायला मिळेल.

आता शाईकडे बघू. इंकजेट प्रिंटर रोज वापरला तर ठीक असतो. तीन महिन्यांतून एकदा उठवला तर त्याच्या तोंडाला कोरड पडलेली असते. मग तो आधी चूळ भरतो, आणि ती शाईनेच भरतो. सहा कागद छापायच्या आधीच्या त्या चुळांत अर्धी शाई जाते. मराठीत कार्ट्रिजला काडतूस म्हणतात. किंमत ऐकून छातीवर हात गेला की शब्द पटतो. शाई सुकू नये म्हणून आठवड्याला एक तरी पान छापा, असं दुकानदाराने सांगितलं. अप्पा आता दर मंगळवारी गणपतीचं चित्र छापतात. वर्षाचे ५२ गणपती. वाचवलेल्या ४२ पानांतून ५२ वजा करायचे. पानं पाठकोरी असतात म्हणून अप्पा ही वजाबाकी मान्य करत नाहीत.

एटीएमच्या पावत्यांचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. ‘पावती हवी का?’ असं यंत्राने विचारलं की अप्पा ‘हो’ दाबतात. फुकट मिळणारा कागद नको म्हणणं त्यांच्या धर्मात बसत नाही. तीन वर्षांच्या पावत्या त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपल्या. एके दिवशी डबा उघडला तर सगळ्या कोऱ्या. या पावत्यांना शाई नसतेच. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि छपाई म्हणजे नेमका चटका. काळ, उजेड आणि हाताचं तेल लागलं की अक्षर उडून जातं. पाठ आधीच कोरी होती, आता पोटही कोरं. अप्पांना क्षणभर आनंदच झाला: दोन्ही बाजूंनी लिहायला जागा! मग त्यांना वाटलं, चटक्याने आलेलं अक्षर चटक्याने परत येईल. त्यांनी पावती पोळपाटावर ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली. पावती पूर्ण काळी झाली. तीन वर्षांचा हिशेब एका रंगात आला, आणि आईने पोळपाट धुवून घेतला.

पाठकोऱ्या कागदाचा कळस मात्र गणेशोत्सवात झाला. चाळीच्या गणपतीला आरतीची पुस्तकं कमी पडत होती. मंडळाच्या पोरांना झेरॉक्ससाठी कागद हवे होते. अप्पांनी उदार होऊन ४० पाठकोरे कागद दिले. ठाकूरद्वारच्या झेरॉक्सवाल्याने कोऱ्या बाजूला आरत्या छापल्या. पहिल्या संध्याकाळी आरती सुरू झाली. आरतीला माणसं कशी उभी राहतात ते आठवा: दोन रांगा, समोरासमोर, कागद छातीशी धरलेला. म्हणजे तुम्ही आरती म्हणता, आणि समोरचा तुमच्या कागदाची पाठ वाचतो. पाठीवर अप्पांचं बचत खातं. ‘सुखकर्ता’ संपेपर्यंत समोरच्या रांगेला आमचं पेन्शन कळलं. ‘लवथवती’ला विजेचं बिल कळलं. ‘येई हो विठ्ठले’ला नेहमी सूर लांबतो, त्या वेळात मधल्या खोलीतल्या काकूंनी बेरीज केली.

आईसुद्धा समोरच्याच रांगेत होती. तिला टाळ्या वाजवता वाजवता एक ओळ दिसली: मुदत ठेव, नूतनीकरण. ही ठेव घरात अप्पांखेरीज कोणाला माहीत नव्हती. आई मंत्रपुष्पांजली होईपर्यंत काही बोलली नाही, हीच गणपतीची कृपा. तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरं पावती पुस्तक घेऊन दारात. “अप्पा, २५१ चे ५०१ करा. तुम्हाला झेपेल.” अप्पांनी निमूट पैसे दिले. खाते नंबराच्या कागदाची पाठ दुसऱ्याला देऊ नये, हे ज्ञान २५० रुपयांत मिळालं. याहून स्वस्तात कोणाला मिळालं असेल तर त्याने कळवावं.

दादरची आत्या या सगळ्याला हसते. ती रानडे रोडजवळ राहते आणि सगळं मोबाइलवर ठेवते. “माझ्याकडे एक चिटोरं सापडणार नाही,” असं ती सांगते. तिला दर महिन्याला स्टेटमेंट ईमेलवर येतं. ते उघडायला परवलीचा शब्द: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. आत्या जन्मली कोजागरीला. शाळेत घालताना गुरुजींनी लावली १ जून. आत्याच्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. कुठल्या बँकेत कोजागरी लावलीय आणि कुठल्या बँकेत १ जून, हे आत्याला आठवत नाही. म्हणून तिने सगळे परवलीचे शब्द एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. आणि ईमेल कधी गायब होईल याचा नेम नाही म्हणून ती प्रत्येक स्टेटमेंट छापूनही ठेवते. त्या ईमेलच्या तळाशी एक हिरवी ओळ असते: झाडं वाचवा, गरज असेल तरच छापा. ती नेमकी पहिल्या पानावर मावत नाही. आत्याकडे दर महिन्याला एक अख्खं पान असं निघतं की ज्यावर झाडं वाचवण्याखेरीज काहीही नसतं.

“आत्या, ही पानं अप्पांना दे ना. पाठकोरी आहेत.”

“देते की. तो चेहराकोरीसुद्धा समजेल.”

गेल्या पावसाळ्यानंतर अप्पांनी माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढली. जुनी पासबुकं, स्टेटमेंटं, सहा पानांचे ते गठ्ठे, सगळं पाठकोऱ्या कागदांत गुंडाळून, दाभणाने भोक पाडून, दोऱ्याने शिवून ठेवलेलं. वर त्यांनीच केलेली खळ लावून लेबलं चिकटवलेली. गाठ सोडली आणि आतून भुसा पडला. कसर लागली होती. खळीच्या वासाने आली असणार. आधी लेबलं खाल्ली, मग वर्षं. काटकसरीने जे वाचवलं ते कसरीने खाल्लं. अप्पांनी एक पान उजेडात धरलं. प्रत्येक ओळीत बारीक बारीक भोकं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “घे, तुझा परदेशी टाइप.”

त्याच आठवड्यात लालबागचे मामा आले. मामा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मामांच्या पासबुकात त्यानंतर जमेच्या रकान्यात काही नाही. नुसत्या उचली, मग शिल्लक शून्याजवळ, मग कोरी पानं. पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागितला: पगाराची चिठ्ठी, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा नंबर, काहीही. दीड लाखाहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. गिरण्याच उरल्या नव्हत्या, तर दाखला द्यायचा कोणी? ज्याच्याकडे चिटोरं होतं तो यादीत गेला.

“मामा, तुमच्याकडे काय काय होतं?”

“काय काय म्हणजे? एक होतं.”

मामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत पिशवी, त्यात ईएसआयचं कार्ड आणि त्याला टाचलेली पगाराची एक चिठ्ठी, बसच्या तिकिटाहून थोडी मोठी. चाळीस वर्षं ती तुळशीमाळेच्या डबीत डांबराच्या गोळ्यांबरोबर होती. नाव, तिकीट नंबर, खातं, रक्कम. सगळं वाचता येत होतं, भिंगाशिवाय. सोडतीत मामांचं नाव लागायचं तेव्हा लागेल. पण यादीत नाव आहे ते या कागदामुळे.

अप्पांनी चिठ्ठी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि सवयीने उलटी केली. मामा घाईने म्हणाले, “भावोजी, पाठकोरी आहे. पण लिहायचं नाही.”

मामा गेल्यावर अप्पा रात्री भुसा झाडत बसले. मी त्यांना सांगितलं की सगळं जपायची गरजच नाही. बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत कोर्टात चालते. त्याचा कायदा १८९१ पासून आहे, आणि तो केला तोच मुळी पाटाएवढी लेजरं कोर्टात वाहून न्यायला लागू नयेत म्हणून. आता संगणकातली नोंदही त्यात धरतात. मग आपण काय ठेवायचं? मुदत ठेवीच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं पत्र, आणि जो कागद देणारी कचेरी उद्या नसेल तो कागद. कोथिंबिरीची जुडी नाही.

अप्पांनी उत्तर दिलं नाही. पण १ तारखेला त्यांनी एक कागद आखला. बारा ओळी, तीन रकाने: महिना, शिल्लक, सही. बॉलपेनने, मोठ्या अक्षरात, बिनपाण्याच्या शाईने. पहिल्या ओळीवर कचेरीतल्या वळणाने लिहिलं, ‘मागील पानावरून’. शेजारी डांबराची गोळी ठेवली. वर्षाचे बारा आकडे, एक पान, एक रिफिल. आईच्या सूचनेवरून मुदत ठेव आता वेगळ्या ओळीत, अधोरेखित करून लिहिली जाते.

पान अर्थातच पाठकोरं आहे. दुसऱ्या बाजूला मंगळवारचा गणपती.